सासूबाईंची पियूषिका

माझ्या सासूबाईंचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं इचलकरंजीत वाजलं, तेव्हा मी तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत शेतकऱ्यांना फवारणीचा ड्रोन उडवायला शिकवत होतो. ड्रोन सरळ चालला होता. हवा चांगली होती. कुणी मला काही बोललेलं नव्हतं. तरीही माझ्या अंगात एकाएकी अशी काही तरतरी चढली की समोरच्या एका आजोबांना मी विचारलं, "तुम्हाला नेमकं म्हणायचंय तरी काय?"

"मी कुठं काय म्हणालो?" आजोबा म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"आई, काय झालं?"

"काही नाही हो, जावईबापू. शोभा खाली आली होती." मग सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "कळलं का तिकडं?"

"कळलं."

"फार?"

"मध्यम."

"बघा बाई. लग्नात मानपानावरनं एवढं रामायण झालं, तेव्हासुद्धा तुमच्यापुढं आवाज चढू दिला नाही मी. आणि आता हे असं."

हे असं म्हणजे कसं, ते सांगतो.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे पियूषिका नावाची एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. ती वाटाण्याएवढी असते. माझ्या पियूषिकेत एक गाठ झाली, तीही वाटाण्याएवढी. भाडेकरू घराच्याच मापाचा निघाला की घराचं काही खरं नसतं. मिरजेच्या डॉक्टरांनी नाकावाटे दोघांनाही बाहेर काढलं. गाठ साधी निघाली. नजर वाचली. घरच्यांनी पेढे वाटले, आणि पेढे वाटून झाल्यावर मला कळलं की माझ्या शरीरात हुकूम सोडणारं आता कुणीच उरलेलं नाही.

डॉ. कल्याणी मगदूम या ग्रंथींच्या तज्ज्ञ. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "शेळके, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी आहे ना? पंप कोण चालू करतं?"

"वॉचमन."

"तुमचा वॉचमन गेलाय. पंप उत्तम, पाइप उत्तम, टाकीला भोक नाही. फक्त खटका दाबायला माणूस नाही."

पंप म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. त्या दोन असतात आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. सकाळी माणसाला अंथरुणातून उठवायचं, रक्तदाब धरून ठेवायचा, रक्तात साखर सोडायची आणि ताप, अपघात, अपमान असं काही आलं तर तग धरायला बळ द्यायचं, अशी त्याची कामं. पण या ग्रंथी स्वतःच्या मनानं फारसं काही करत नाहीत. संकटाची कुणकुण आधी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला लागते. तो पियूषिकेच्या कानात सांगतो. पियूषिका एसीटीएच नावाचा निरोप रक्तात सोडते. तो खाली पोचला की पंप सुरू होतो. टाकी भरत आली की तेच कॉर्टिसॉल उलट मेंदूकडे जाऊन सांगतं, पुरे आता. टाकीतला बॉल वर येऊन पाणी बंद करतो ना, अगदी तसं. या सगळ्या कारभारात माझ्याकडे फक्त मधली खुर्ची रिकामी होती.

गंमत म्हणजे अ‍ॅड्रेनालिन मला व्यवस्थित येत होतं. तेही त्याच ग्रंथींच्या गाभ्यातून निघतं, पण त्याचा हुकूम मज्जातंतूंमधून थेट जातो, पियूषिकेला विचारत नाही. म्हणजे दचकणं माझं मला जमत होतं. दचकून झाल्यावर जे निस्तरावं लागतं, त्याची रसद मात्र येत नव्हती.

"गोळ्यांवर लोक आयुष्य काढतात," डॉक्टर म्हणाल्या. "पण गोळीला कळत नाही आज तुम्हाला ताप आहे की सुट्टी. तापात मात्रा वाढवायची. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहणार नाही, मग इंजेक्शन. ते जवळ ठेवायचंच. नाही मिळालं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस जातो." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी मान डोलावली. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक छोटी चपटी डबी काढली. "किंवा मग हा 'दूत'. नवीन आहे."

दूत पोटाच्या कातडीखाली बसवायचा. त्यात एसीटीएच भरलेलं. तो ते थेंबाथेंबानं रक्तात सोडणार आणि माझेच पंप माझंच कॉर्टिसॉल काढणार. मात्र केव्हा आणि किती, हे दूतानं स्वतः ठरवायचं नाही. माणसानं किती घाबरावं याचा निर्णय यंत्राकडे नको, असा कायदा नुकताच झाला होता. त्यामुळे दूत फक्त नक्कल करायचा. धडधाकट पियूषिकेच्या एका जिवंत माणसाच्या दंडावर पट्टी लावायची. पट्टी त्याच्या रक्तातला निरोप वाचणार, फोनच्या जाळ्यातून दूताला कळवणार, आणि दूत तोच निरोप माझ्या रक्तात देणार. थोडक्यात, मला कुणाची तरी पियूषिका उसनी घ्यायची होती. ती त्याच्याच डोक्यात राहणार, फक्त हुकूम दोघांना सुटणार.

घरात इच्छुकांच्या चाचण्या झाल्या. माझी आई दम्यासाठी स्टेरॉइड घेते. बाहेरून आयता माल मिळाल्यामुळे तिच्या पियूषिकेनं अर्धी रजाच टाकलेली होती. वडील सांगलीच्या बाजारात हळदीचे दलाल. त्यांचा आलेख आणि हळदीचा भाव एकमेकांवर ठेवले तर रेघ एकच दिसत होती. बायको अवंती वीज वितरणाच्या नियंत्रण कक्षात पाळीपाळीनं काम करते. तिच्या शरीराला सकाळ कधी होते याबद्दल तिचंच मत पक्कं नव्हतं. लग्नाआधी आमची पत्रिका जुळली होती. एसीटीएच जुळलं नाही.

मग अवंतीच्या आईची, सुवर्णा पोवार यांची चाचणी झाली. डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"असा आलेख पुस्तकात असतो हो. माणसात नसतो."

पहाटे पाचला उठायचं, रात्री नऊला झोपायचं, यात सासूबाईंनी लग्न झाल्यापासून खाडा केलेला नव्हता. पहाटे निरोपांचा डोंगर, मग दिवसभर हळूहळू उतार, रात्री शांत पठार. मधेमधे काही टोकदार सुळके होते. ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शोभाकाकूंचे.

आता पंचाईत अशी की जावयानं सासूकडे असलं काही मागायचं कसं? आणि जावयानं मागितलं तर सासूनं नाही म्हणायचं कसं? शेवटी अवंतीनं विचारलं.

"त्यात काय?" सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर डोक्यात नुसती बसूनच असते ती. जावईबापूंच्या उपयोगी पडली तर बरंच."

सासरे दत्ताजीराव सगळी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेले. बोलतात कमी. ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, नीट विचार करा. लग्न झाल्यापास्नं मी त्या पियूषिकेखाली हाय."

दूत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माझे डोळे खाडकन उघडले. मी उठलो, गॅलरीत उभा राहिलो, आणि अंगात एवढी ताकद असताना करायचं काय हे न सुचल्यामुळे कपडे वाळत घातले. अवंती रात्रपाळी करून आली आणि दारातच थांबली.

"आई आली?"

"नाही. मीच."

"मग हे टॉवेल असे कसे?"

मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, सवयी पियूषिकेतून जात नाहीत, नुसता जोर जातो. टॉवेल तुमचे तुम्हीच वाळत घातले.

हळूहळू आम्हा दोघांची पद्धत बसली. सासूबाई भांडणाआधी फोन करायच्या.

"जावईबापू, बसलायत का कुठं? मला जरा शोभाशी बोलायचंय. जिन्यात परत चपला काढून ठेवल्यात तिनं."

"दोन मिनिटं द्या, आई. ड्रोन खाली उतरवतो."

मी ड्रोन उतरवायचो, झाडाखाली बसायचो, केळं सोलायचो. तिकडं इचलकरंजीत जिन्यातल्या चपलांचा निकाल लागायचा. इकडं माझ्या रक्तात लढाईची रसद येऊन पडायची. लढाई नसायची. शेतकरी आदरानं बाजूला उभे राहायचे. त्यांना वाटायचं मी ध्यान करतोय.

कधी उलटंही व्हायचं. कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर नव्या ड्रोनचं प्रात्यक्षिक होतं आणि मला सकाळपासून मरगळ आलेली. मी फोन केला.

"आई, एक विनंती होती. तीनच्या सुमाराला जरा रागवाल का? फार नको. बेताचं."

"कुणावर?"

"तुम्हाला जे सोयीचं पडेल ते."

त्यांनी टीव्हीवर बातम्या लावल्या. माझं प्रात्यक्षिक फार गाजलं.

मला यात एकच गोष्ट खुपायची. सासूबाईंना काय काय लागतं ते मला कळायला लागलं होतं, आणि त्यांना ते नको होतं. सासऱ्यांच्या खोकल्याचा सुळका बारीक, पण रोजचा. अवंतीचा फोन आला नाही की संध्याकाळी एक उंचवटा. मी विचारलं की त्या "काही नाही हो" म्हणायच्या आणि आम्हा दोघांनाही माहीत असायचं की काही तरी आहे. जन्मभर जावयापुढं डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईचा प्रत्येक राग थेट जावयाच्या पोटात उतरत होता. त्या कधी बोलल्या नाहीत. पण एकदा त्या अवंतीला म्हणाल्या, "स्वतःच्या घरात रागवायची सोय राहिली नाही बघ." अवंतीनं ते मला सांगितलं. मी हसलो आणि मग बराच वेळ हसलो नाही.

चूक झाली ती तपासणीच्या दिवशी. माझी साखर किंचित वाढलेली होती. कॉर्टिसॉल जास्त झालं की वाढते. डॉक्टर मगदूम सहज बोलून गेल्या, "आईंना म्हणावं, जरा शांत राहा."

एवढंच. दुसऱ्या कुठल्या बाईनं ते ऐकून सोडून दिलं असतं. सासूबाईंनी तो जावयाच्या जिवाचा प्रश्न केला. त्यांनी श्वासाचे वर्ग लावले. बातम्या बंद केल्या. मालिका बंद केल्या. बचत गटाचं अध्यक्षपद सोडलं. शोभाकाकूंना घरी बोलावून चहा दिला आणि चपलांसाठी जिन्यात रॅक करून दिलं. शोभाकाकू घाबरून त्या रात्री जेवल्या नाहीत म्हणे.

काही महिन्यांत सासूबाईंच्या आलेखात पहाटेचा डोंगर तेवढा राहिला. बाकी दिवसभर सपाट माळ. एकदा सासऱ्यांचा फोन आला.

"पाव्हणं, काल आमटीत मी चुकून दोनदा मीठ टाकलं. तिनं गुमान खाल्ली. वर म्हणाली, छान झालीय. मला भ्या वाटतंय."

इकडं मीही माळासारखाच झालो होतो. एका शिकाऊ पोरीनं कंपनीचा ड्रोन विहिरीत घातला, तर मी म्हणालो, "पाणी किती लागलंय ते तरी कळलं." सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की इंजेक्शनची पेटी मी आधी बॅगेतून कपाटात ठेवली आणि मग कपाटातच विसरलो.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, हा आमच्याकडचा रिवाज. कणकेत पुरण भरलेले हे गोळे वाफवायचे आणि तुपात बुडवून द्यायचे. नाही म्हणायची सोय नसते. मला आदल्या दिवसापासून घसा दुखत होता आणि सकाळी अंगात कणकण होती. अवंती म्हणाली, "इंद्रा, आईला सांगू या का? पुढच्या आठवड्यात जाऊ." मी म्हणालो, "त्यांनी पुरण वाटलं असेल. कणकणच आहे नुसती." तापात मात्रा वाढवायची, हे मला पाठ होतं. दूत बसण्याआधीच्या गोळ्या घरात होत्या, त्यातली एक जादा म्हणून खाल्ली आणि आम्ही इचलकरंजीला निघालो.

दुपारी मी पाटावर बसलो. सासूबाईंनी ओवाळलं. ताटात धोंडे आले, त्यावर तुपाची धार आली. मी दोन खाल्ले. तिसऱ्याला भिंत जरा सरकली. मी उठून मोरीत गेलो, आणि धोंडे, तूप, जादा गोळी असं सगळंच बाहेर आलं. परत येताना मी उंबऱ्यापर्यंत पोचलो. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं, मधलं अवंतीनं सांगितलंय.

मी जमिनीवर होतो. अंग गार पडत चाललं होतं. अवंतीनं माझे पाय उशांवर चढवले, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि व्हिडिओवर डॉक्टर मगदूमांना धरलं. गावातली गाडी दुसरीकडं गेलेली होती आणि मिरजेहून यायला वेळ लागणार होता. इंजेक्शन आमच्या सांगलीच्या घरी कपाटात होतं.

आणि सासूबाई? सासूबाई माझ्या डोक्याशी मांडी घालून बसल्या, कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि लांब, संथ श्वास घ्यायला लागल्या.

"मी घाबरणार नाही," त्या पुटपुटत होत्या. "काही झालं तरी घाबरणार नाही. जावईबापूंना त्रास होतो."

"आई!" डॉक्टर फोनमधून ओरडल्या. "अहो, घाबरा! त्यांच्या अंगात तापाशी लढायला कॉर्टिसॉल नाहीये. तुमच्याकडून हुकूम गेला तरच त्यांचे पंप चालतील. तुम्ही शांत बसलात तर ते जातील!"

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांना कळलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की पूर्ण कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि छाती भरून पुन्हा एक लांब संथ श्वास घेतला.

"अवंती," त्या म्हणाल्या, "येत नाहीये गं. घाबरायला गेलं की आधी श्वासच मोठा होतो. सवय लागली."

"माझ्या पडद्यावर आलेख सपाट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काहीही करा. रागवा, घाबरा, काहीही."

अवंतीनं आईच्या दंडावरची पट्टी ओढून स्वतःच्या दंडावर लावली. तिच्या रक्तात तेव्हा एसीटीएचचा पूर आलेला असणार. पण पट्टीला एका माणसाची कातडी ओळखायला अख्खा दिवस लागतो. तिनं 'अनोळखी त्वचा' एवढं सांगून काम बंद केलं. पट्टी परत आईच्या दंडावर गेली.

मग सासरे पुढं झाले. त्यांनी आयुष्यात बायकोला कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. ते घसा साफ करून म्हणाले, "सुवर्णा, तुझ्या लोणच्याची बरणी मी शोभाला देऊन टाकली."

"असू दे. खाईल बिचारी."

"दोन बरण्या."

"बरं केलंत."

सासरे खचून खाली बसले. गडबड ऐकून शोभाकाकू जिना उतरून आल्या. दारात उभ्या राहिल्या, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"काकू," अवंती म्हणाली, "आईशी भांडा."

"आत्ता?"

"आत्ता! त्याशिवाय इंद्रा वाचत नाही."

"अगं, पण आता कुठं आमचं नीट चाललंय. परवा मला साडी घेतली त्यांनी. कुठल्या तोंडानं भांडू?"

"काकू, पाया पडते तुमच्या."

शोभाकाकूंनी खूप आठवून पाहिलं. चपलांना रॅक मिळालं होतं. लोणचं मिळालं होतं. भांडायला विषयच शिल्लक नव्हता. त्यांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे पाहिलं, आणि भांडायचं म्हणून नव्हे, अगदी मनापासून, हळहळून म्हणाल्या, "पण खरं सांगू का ताई? एवढं तुपात बुडवून वाढल्यावर दुसरं काय होणार? आमचे जावई गेल्याच आठवड्यात धोंडे खाऊन गेले. त्यांना काही झालं नाही हो."

खोलीत कुणी हललं नाही.

"हललं," फोनमधून डॉक्टर म्हणाल्या. आलेखाबद्दल बोलत होत्या त्या.

"काय म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे आम्ही तूप बेतानं—"

"माझ्या हातचं खाऊन आजारी पडले? माझ्या हातचं?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या पुरणात डाळ कच्ची असते शोभा! तुझा जावई डबा भरून घेतो आणि एसटी स्टँडवर कुत्र्याला घालतो. त्यानंच सांगितलंय यांना!"

"माझ्या पुरणाला नावं ठेवता?"

"पुरण म्हणतेस त्याला?"

"चढतंय!" डॉक्टर ओरडल्या. "छान! थांबू नका!"

मला सगळ्यात आधी ऐकू आलं ते हे. मग हातापायांत ऊब येऊ लागली, जशी थंडीत चुलीजवळ सरकल्यावर येते. मी डोळे उघडले. दोन जावा माझ्या पायाशी समोरासमोर उभ्या होत्या आणि लग्न होऊन या घरात आल्या दिवसापासूनचा हिशेब चालला होता. शोभाकाकू मधेच अडखळल्या. दम लागला होता त्यांना. तेव्हा आयुष्यभर या दोघींच्या भांडणात तटस्थ राहिलेले माझे सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "शोभा, गौरीचे मुखवटे कुणाकडं राहिले, ते विचार की."

शोभाकाकूंनी विचारलं. त्यानंतर अर्धा तास डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही.

अ‍ॅम्ब्युलन्सचा माणूस जिना चढून दारात आला आणि आतला आवाज ऐकून तिथंच थबकला. "पेशंट कोण?" त्यानं दबकत विचारलं. मी जमिनीवरून हात वर केला. त्यानं इंजेक्शन दिलं, आणि मला खाली नेलं तरी वरचं थांबलेलं नव्हतं.

या प्रकरणाचा डॉक्टर मगदूमांनी अहवाल पाठवला. असे आणखी काही अहवाल गेले असावेत. कारण काही महिन्यांत कायदा बदलला आणि स्वतः निर्णय घेणारा दूत निघाला. ताप, नाडी, रक्तदाब, साखर हे सगळं तो स्वतः बघणार आणि किती हुकूम सोडायचा ते स्वतः ठरवणार. कुणाची पियूषिका उसनी नको. पहाटेच्या डोंगरासाठी मात्र त्यांना एक नमुना हवा होता. तो त्यांनी सासूबाईंच्या आलेखावरून घेतला. त्यामुळे आता राज्यात कितीतरी माणसं पहाटे पाचला ताडकन उठून बसतात, आणि का ते त्यांना कळत नाही.

माझ्यापुढं पर्याय आला. जुना ठेवायचा की नवा बसवायचा?

"तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही."

"नाही, आई. तुम्ही म्हणाल तसं."

"मला काय, मी घरीच असते."

"तुम्हाला त्रास होत असेल तर—"

"छे छे, कसला त्रास?"

असं आम्ही दोन आठवडे बोलत होतो. दोघांनाही एकच हवं होतं आणि एकालाही ते म्हणता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला वेगवेगळं बोलावून विचारलं. सासूबाईंनी आत काय सांगितलं ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "बाई, त्यांच्या अंगात माझा राग जातो, तोवर मला त्यांच्यावर रागवता येत नाही. आणि मला त्यांच्यावर फार राग आलाय."

मी आत जाऊन म्हणालो की नवा बसवा.

दूत बदलला. सासूबाईंच्या दंडावरची पट्टी निघाली. तिथं कातडीवर एक फिकट चौकोन राहिला होता, तो त्यांनी पदरानं पुसून पाहिला. मी मिरजेच्या त्या खोलीत पलंगावर बसलो होतो. अवंती खिडकीत होती. डॉक्टर हातातल्या पडद्यावर नव्या दूताचे आकडे बघत होत्या.

"आता माझं काही तिकडं जात नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नक्की? थेंबभरसुद्धा?"

"थेंबभरसुद्धा नाही."

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्या अगदी समोर मांडली.

"मग ऐक आता, इंद्रजित," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी मला एकेरी हाक मारलेली नव्हती. अवंती खिडकीतून वळली.

"अंगात ताप घेऊन पाटावर बसलास? घसा धरलेला, अंग तापलेलं, आणि माझ्या पुरणाला वाईट वाटू नये म्हणून गुमान जेवलास? पुरण माझं काय लागतं? पुरण परत होतं. ते इंजेक्शन कपाटात ठेवलंस? कपाटाला ताप येणार होता? माझ्या डोळ्यांदेखत तू गार पडत होतास आणि मी श्वास मोजत बसले होते. मी श्वास मोजत बसले होते, इंद्रजित! मला कुणी सांगायचं होतं? तुला तोंड नाही? परत असं काही लपवलंस ना, तर बघ. नवरा असशील तर अवंतीचा, माझ्यापुढं असली नाटकं चालायची नाहीत..."

माझं हृदय धडधडायला लागलं. कान तापले. अ‍ॅड्रेनालिन माझं माझ्याकडेच होतं आणि ते धावत आलं होतं. मी मान खाली घातली.

डॉक्टर पडद्याकडे टक लावून बघत होत्या. "नाडी वाढलीय. रक्तदाब वाढलाय," त्या अवंतीला हळूच म्हणाल्या. "यंत्र विचार करतंय. हा त्याचा पहिलाच निर्णय."

आम्ही सगळे थांबलो. सासूबाई थांबल्या नाहीत.

मग डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. दूतानं खोलीतली सगळी परिस्थिती तपासून एक ओळ लिहिली होती. धोका नाही. जादा मात्रेची गरज नाही.

सासूबाईंनी श्वास घेण्यापुरतं बोलणं तोडलं, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.